कपाटावरची चौथी ओळ

माझी आत्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला तर्कशास्त्र शिकवते. तिच्याशी बोलताना घरात सगळेच जीभ आवरून असतात. "जमलं तर येतो" म्हटलं, की ती विचारते, "आणि नाही जमलं तर?"

"तर नाही येणार, आणखी काय!"

"असं तू म्हणाला नाहीस."

डोक्याला ताप नुसता! पण या खोडीवर मला फार वेळ रागावता येत नाही, कारण तिचा संसार या खोडीवरच उभा आहे. हे सगळं मला आजीने सांगितलं, तेही हसून हसून डोळे पुसत.

आत्या तेव्हा नुकतीच नोकरीला लागली होती. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराशी तिचं जमलं. तेच आमचे काका. आजोबांना माणूस पसंत होता, पण तो दुसऱ्याच्या दुकानात काम करायचा. म्हणून सगळ्या घरासमोर त्यांनी सांगून टाकलं, "याचं स्वतःचं दुकान झालं, तर मी हे लग्न लावून देईन." आजोबा शब्दाचे पक्के. दिलेला शब्द मोडायची वेळ आली, तर त्यांच्या घशाखाली घास उतरला नसता.

काकांनी दुकानासाठी जिवाचं रान केलं. एक गाळा जवळजवळ ठरलाही, पण मालकाने ऐनवेळी तो आपल्या भाच्याला देऊन टाकला. काका घरी आले, "जमलं नाही" एवढंच म्हणाले आणि पाणीही न पिता जिना उतरून गेले.

आजोबा खिडकीतून त्यांच्याकडे बघत राहिले. "मुलगा चांगला आहे गं," ते आत्याला म्हणाले, "पण मी शब्द देऊन बसलोय."

दुसरी कुणी रडली असती. आत्याने पर्समधून खडू काढला आणि कपाटाच्या दारावरच लिहायला घेतलं.

"अगं, कालच पुसलंय ते!" आजी ओरडली.

"बाबा, तुम्ही फक्त सांगा, शब्द पाळला की मोडला. दुकान झालं, लग्न लावलं?"

"पाळला."

"दुकान झालं, लग्न नाही लावलं?"

"मोडला. सरळ आहे."

"दुकान नाही, लग्नही नाही?"

"पाळला."

"आता चौथी ओळ. दुकान नाही, तरी लग्न लावलं."

"मोड..." आजोबा थांबले. आत्याचे विद्यार्थी दरवर्षी नेमके इथेच घसरतात. आजोबांनी चष्मा लावला, कपाटाजवळ गेले आणि चारही ओळी पुन्हा वाचल्या.

"दुकान नाही झालं तर काय, हे मी बोललोच नव्हतो की!"

"मग मोडला कसा?"

आजोबांनी तिच्या हातातला खडू घेतला, चौथ्या ओळीपुढे स्वतः 'पाळला' असं लिहिलं आणि अनवाणीच जिना उतरले. गल्लीच्या टोकाशी त्यांनी काकांचा दंड धरला. "अरे, थांब! माझा शब्द शाबूत आहे. चल घरी."

काका अजूनही दुसऱ्याच्याच दुकानात मशीन दुरुस्त करतात. मध्यंतरी एक चांगला गाळा रिकामा झाला, तेव्हा मी त्यांच्या मागे लागलो होतो, की आता तरी स्वतःचं दुकान टाका.

काकांनी हातातला स्क्रू घट्ट पिळला. "नको रे बाबा," ते म्हणाले, "चौथ्या ओळीत मी फार सुखात आहे."