बूड फुटलेली पायली

कामठ्याचा गोवर्धन पाण्याच्या पंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. वीस वर्षांत त्याची एकही मोटार परत आली नव्हती, आणि ज्यांच्या येतात त्यांना तो कारागीर म्हणत नसे.

मग इंजिनीअरिंग कॉलेजचे वीरेंद्र सर आपलं संशोधन घेऊन गावात उतरले. गुलाबचंद शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीत, म्हणजे पाणी साठवलेल्या वाफ्यात, त्यांनी तरंगत्या गोळ्याचा सेन्सर लावला. पाणी उतरलं की मोटार आपोआप सुरू, चढलं की बंद. महिनाभरात ती दोनदा जळाली. दोन्ही वेळा ती गोवर्धनने भरली होती, म्हणून सरांनी चार लोकांसमोर त्याचं वाइंडिंग कच्चं ठरवलं. त्यानंतर त्याच्या दुकानाकडे कुणी फिरकेना.

गोवर्धनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो भर दुपारी बांधीच्या कडेला धुऱ्यावर जाऊन बसला. वारा आला की पाणी हलायचं, गोळा नाचायचा आणि स्टार्टर खटखट करायचा. तासाभरात मोटार चाळीसदा चालू-बंद झाली. एवढ्या उठाबशा काढल्या तर पैलवानही आडवा होईल. सर हे सगळं लॅपटॉपवर पाहत होते म्हणे. बांधीपर्यंत यायचं तर बुटांना चिखल लागला असता.

घरी आई शकुंतलाबाईची धान मोजायची पायली अडगळीत पडून होती. गोवर्धनने तिचं बूड काढलं, बाजूला खिळ्याने एक भोक पाडलं आणि गोळ्याभोवती ती चिखलात रोवली. आत पाणी हळूहळू शिरायचं, हलायचं मात्र नाही. गोळा शहाण्यासारखा वागू लागला. सर पायलीकडे पाहून हसले, पण त्यांनी ती काढली नाही.

कॉलेजचे मोठे पाहुणे आले तेव्हा गावही जमलं. पायलीकडे बोट दाखवून सर म्हणाले, ही आमच्या टीमची रचना. आधी मोटार दोनदा का जळाली, असं कुणी विचारलं. गावातलं वाइंडिंग, सर उत्तरले.

गोवर्धन पॅन्ट दुमडून बांधीत उतरला आणि त्याने पायली उपटली. वारा होताच. मोटार खटखटू लागली.

"अहो, ती काढू नका, मोटार जळेल!" सर ओरडले.

"काऊन जळते, सर? वाइंडिंग तर मीच कच्ची भरली होती ना?"

गोवर्धनने चिखलाने भरलेली पायली सरांच्या हातात दिली.

"धुऊन आणून द्या. मायची आहे."

सरांची आपोआप चालणारी मोटार शेवटी गुलाबचंदने हाताने बंद केली.