पोटातून ओरडायचं कसं

हे खरं तर सांगायचं नाही. ‘क्लासमधलं क्लासमध्येच!’ असा आमच्या कराटेच्या सरांचा, सेन्सेई नोएल यांचा, नियम आहे. पण आयर्लंडमधल्या पोर्टलीश गावातल्या या हॉलमध्ये किस्से इतके साचतात की वही पुरत नाही. शिवाय आत बेल्टची परीक्षा चालू आहे, मी बाहेर बाकावर बसलेय, आणि लिहिलं नाही तर सगळी नखं संपतील. मागच्या वेळी मी नापास झाले. हातपाय बरोबर होते. पण ठोशाबरोबर पोटातून ओरडायचं असतं, आणि माझा आवाजच फुटला नाही.

*

सांगलीहून आलेले आजोबा एकदा क्लास बघायला बसले होते. सेन्सेई सांगत होते, ‘कराटे जपानच्या ओकिनावा बेटांवरून आलं. सुरुवात नमस्काराने, शेवटही नमस्कारानेच.’ आजोबा उठले, फोमच्या मॅटला हात लावून तो कपाळाला लावला. ‘आमच्या तालमीत माती लावायचो. इथं फोम, तर फोम!’

पुढच्या आठवड्यात सगळी आयरिश मुलं कपाळाला फोम लावत आत आली. सेन्सेई म्हणाले, ‘हे ओकिनावाला कळवायला हवं!’

*

‘पहिला वार आपण करायचा नाही,’ हे सेन्सेईंचं आवडतं तत्त्व. ते त्यांनी शिकवलं त्याच दिवशी क्लासमधली ईफा आणि मी सरावाच्या लढतीसाठी समोरासमोर उभ्या राहिलो. एक मिनिट. दोन मिनिटं. दोघीही तत्त्वाला धरून!

शेवटी ईफा कळवळली, ‘अगं मार ना, माझी बस जाईल!’

*

सेन्सेईंचा काळा बेल्ट झिजून पांढरा पडलाय. बेल्ट कधीच धुवत नाहीत. त्यात वर्षानुवर्षांची मेहनत मुरलेली असते म्हणे. एकदा तो आमच्या गाडीत राहिला. माझ्या डॉक्टर आईने तो धुऊन, इस्त्री करून परत दिला.

सेन्सेईंनी तो उलटसुलट करून पाहिला. ‘डॉक्टर, यात माझा वीस वर्षांचा घाम होता.’

‘हो ना!’ आई म्हणाली. ‘दोनदा धुवावा लागला.’

*

आता हा किस्सा. हा सांगू नकोस म्हणून आईने शपथ घातलीय.

मागच्या रविवारी हॉस्पिटलची ड्यूटी संपवून ती मला थेट गावाबाहेरच्या कुरणावर घेऊन गेली. ‘इथे फक्त मेंढ्या आहेत. ओरड.’

मी दहा मिनिटं नुसती उभी.

‘अगं, असं!’ म्हणत आई गाडीतून उतरली आणि ओरडली. एकदा नाही, तीनदा! मेंढ्या पळाल्या. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन धावत आला. ‘सगळं ठीक ना?’

‘ग्रँड, ग्रँड! एकदम ठीक!’ आई डोळे पुसत म्हणाली. ‘मुलीची परीक्षा आहे.’

तो गेल्यावर ती कुंपणाला टेकली. ‘किती वर्षांनी बरं वाटलं गं,’ म्हणाली. ‘आता तू.’

मी डोळे मिटले, पोटातून श्वास ओढला आणि—

‘गार्गी!’ सेन्सेई दारातून हाक मारताहेत. मी ‘आले’ म्हटलं. ‘ऐकू आलं नाही!’ म्हणतात. वही ठेवते, आता मी पोटातून—