गटात न बसणारी करडई

आज करडईची कोवळी भाजी निवडताना बोटांना तो हिरवा, उग्र वास लागला आणि दुबलगुंडीकडच्या आमच्या गावातला चौथीचा वर्ग आठवला. गुरुजी निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेत होते. त्या वर्षी बाकीची पुस्तकं दप्तरातून निघतच नव्हती. फळ्यावर प्रश्न होता: गटात न बसणारा शब्द ओळखा. करडई, जवस, तीळ, ज्वारी.

माझ्या शेजारची सुमन उठली. “करडई, गुरुजी.”

“ज्वारी,” गुरुजी म्हणाले.

“पर करडईला काटे असतेत. आमचे अप्पा ज्वारीच्या कडंनं तीच पेरतेत, मंग गुरं आत शिरत न्हाईत.”

“परीक्षेत काटे इचारत न्हाईत. कामून, कशाला म्हणायचं न्हाई, उत्तराचा गोल काळा करायचा.”

सुमननं वहीत ज्वारीपुढचा गोल काळा केला. त्यानंतर तिनं वर्गात कधी हात वर केला नाही.

परीक्षेत माझी निवड झाली, ती गावातच राहिली. तिला एवढं साधं येत नव्हतं, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. बाकी तिन्हींचं तेल निघतं म्हणून ज्वारी वेगळी, हे माझ्याही लक्षात आलं ते लग्नानंतर, तेलाच्या घाण्यावर उभी असताना.