वर जाणारा बाण

"मॅडम, बाण चालंना," सोपानराव फोनवर म्हणाले. "दाबला की स्क्रीनवर नुसतं कायबाय उमटतंय. भायेर टेम्पो लागल्यात."

बाण का चालत नाही, ते मला ठाऊक होतं.

सोपानराव पेठ गावच्या एका बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ऑपरेटर. आधी तिथेच थंड खोलीत पोती लावून घ्यायचे. गारठ्याने दमा उठायला लागला म्हणून मालक मारुतीशेठनी त्यांना कॉम्प्युटरवर बसवलं. मशीनवर लिनक्स होतं. आपण टाइप केलेली कमांड ऐकून मशीनकडून काम करून घेणारा जो प्रोग्रॅम, त्याला शेल म्हणतात. शेल पुष्कळ आहेत. लॉगिन केल्यावर न मागता समोर येतो तो डिफॉल्ट. इथे तो बॅश होता. बॅशमध्ये वर जाणारा बाण दाबला की आधीची कमांड पुन्हा येते. गेटपासची कमांड हनुमानाच्या शेपटाएवढी लांब. सोपानरावांनी ती कधी टाइप केलीच नाही. बाण, एंटर, मग पोत्यांचे आकडे, की निघाला गेटपास. त्यावर त्यांनी काही हंगाम बिनबोभाट काढले. गेटपासशिवाय बेण्याचं एक पोतं बाहेर पडत नसे.

इकडे पुण्यात आमच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या पाठक सरांनी नव्या बॅकअपसाठी सगळ्या क्लायंटकडे कॉर्न नावाचा दुसरा शेल डिफॉल्ट करायचं ठरवलं. मी म्हटलं, त्यात बाण आपोआप चालत नाही, एक सेटिंग लागतं, तेवढं टाकू. सर म्हणाले, "एकेका ऑपरेटरचे लाड करायला बसलोय का आपण?" आणि मोडेमवरून स्वतःच बदल करून मोकळे झाले.

फोनवर मी सोपानरावांना 'बॅश' टाइप करायला सांगितलं. त्यांना कीबोर्डवर ती चार इंग्रजी अक्षरं सापडेपर्यंत शेठनी फोन घेतला. "मॅडम, ह्या माणसाला कामच येत न्हाई. आत्ता इचारलं, कमांड तोंडानं सांग. न्हाई सांगता आली." फोन आपटला.

मी एसटी धरून पेठ गाठलं. सोपानरावांच्या खुर्चीत शेठचा भाचा बसला होता, मंचरला कोर्स केलेला. चहा यायच्या आत मी बाण चालू करून दिला. शेठना सांगितलं, चूक आमच्या ऑफिसची आहे, सोपानरावांची नाही. शेठनी माझ्यासमोरच सरांना फोन लावून स्पीकर चालू केला.

"सिस्टिम ओके आहे, शेठ. ऑपरेटरला ट्रेनिंग कमी पडतंय," सर म्हणाले.

हे खोटं आहे, असं मी शेठना तोंडावर सांगितलं. ते थंडपणे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मॅडम. तुमच्या सायबापेक्षा तुमाला जास्त कळतंय व्हय?" चोर सोडून संन्याशाला फाशी.

सोपानराव थंड खोलीच्या दाराशी मफलर गुंडाळत उभे होते. त्यांची जुनी जागा त्यांना परत मिळाली होती.

"मॅडम, माझं बोट चुकलं व्हतं का?"

"नाही हो."

"मंग ठीक हाय," म्हणाले आणि खोकत आत गेले. परतीच्या एसटीत मला रडू आवरेना.

कुणी काही निवडलं नाही तर मिळतो तो डिफॉल्ट, असं आम्ही क्लायंटला शिकवतो. ते धादांत खोटं आहे. निवडणारा कुणीतरी असतोच, भोगणारा मात्र दुसरा असतो. आता कुठलाही डिफॉल्ट बदलायच्या आधी मी ऑपरेटरशेजारी बसून त्याची बोटं बघते. सोपानरावांना त्याचा काडीचा उपयोग नाही.