पेवाचा कल्लप्पा

शुक्रवार पेठेत सिद्रामप्पाच्या आडतीमागं मोठं आवार होतं आणि त्या आवाराच्या पोटात तीन पेवं. वर माणूस उतरेल एवढंच तोंड, खाली रांजणासारखी फुगत गेलेली दोन पुरुष खोल पोकळी. कडेनं कडबा लावून आत ज्वारी ओतायची, तोंडावर फरशी टाकून चिखलानं लिंपून घ्यायचं, की वर्षानुवर्षं दाणा सुखात राहायचा. पण बंद पेवात दाण्याबरोबर वाईट हवाही कोंडते. ती घालवून आत उतरायचं काम दोघा भावांकडं होतं. थोरला गुरुलिंग उतरायचा, धाकटा कल्लप्पा वरून दोरानं कंदील सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं, जळत राहिला तर उतरायचं. बापानं शिकवलेलं शास्त्र एवढंच.

सत्तर सालच्या उन्हाळ्यात असंच एक पेव उघडलं. कंदील ज्वारीला टेकला तरी ज्योत हलली नाही.

"उतर दादा, साफ हाय," कल्लप्पा म्हणाला.

गुरुलिंग उतरला. वरच्या दाण्याला कधीतरी ओल लागून भाकरीच्या पापुद्र्यासारखी जाड खपली धरली होती. त्याचा पाय पडला, खपली फुटली आणि तिच्याखाली कोंडलेली हवा वर आली. कल्लप्पा तोंडाशी बसून तंबाखू मळत होता. खालून आवाज येईना, म्हणजे दादा पाटी भरतोय, असंच त्याला वाटलं. तंबाखू मळून झाली, दाढेखाली गेली, तेव्हा कुठं त्यानं हाक मारली. खालून 'ओ' आली नाही.

त्यानंतर कल्लप्पानं पेव सोडलं. त्याच आडतीत तो पोती वाहू लागला, पण आवारातून जाताना त्या फरश्यांना लांबचा वळसा घालायचा. एकेकाळी दोघा भावांना 'वाघाचं काळीज' म्हणणारे लोक आता त्याला 'सशाचं' म्हणू लागले. गुरुलिंगाची बायको ईरम्मा तिथंच ज्वारी निवडायला, पाखडायला यायची. तिनं दिराला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. तेच त्याला पोत्यापेक्षा जड व्हायचं.

मग बहात्तर साल आलं. आभाळ कोरडंच राहिलं. मालदांडी ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली माणसं रेशनच्या तांबड्या, परदेशी मिलो ज्वारीसाठी रांगा लावू लागली. सिद्रामप्पानं बापाच्या वेळचं तिसरं पेव उघडायचं ठरवलं. उतरायला सिद्धप्पा नावाचा जवान हमाल तयार झाला. "एका दमात जाऊन येतो की," म्हणाला.

त्या संध्याकाळी ईरम्मा कल्लप्पाच्या दारात येऊन उभी राहिली.

"भावजी, सिद्धप्पा उतरणार हाय."

"उतरू दे की. दमाचा हाय."

"दम काय करायचाय? त्या खपलीचं तुमाला ठावं हाय, त्याला न्हाय."

"वैनी, माझ्यानं न्हाय व्हायचं. माझ्या सांगण्यानं एक गेला."

"व्हय, गेला." हे ती पहिल्यांदाच म्हणाली. "त्या दिशी नीट न बघता 'उतर' म्हनलासा. आता न बघताच 'नको' म्हनतासा. बघनं दोन्ही बारीला राहिलंच की."

कल्लप्पा रात्रभर कूस बदलत राहिला आणि सकाळी सगळ्यांच्या आधी आवारात जाऊन बसला.

फरशी निघाली. कंदील अर्ध्यातच विझला. कोंडलेली हवा ढवळून बाहेर काढायला लिंबाच्या डहाळ्यांचा भारा बांधून तो दोरानं खालीवर, खालीवर केला. दोन दिवस तेच चाललं. तिसऱ्या दिवशी कंदील ज्वारीला टेकला आणि संथ जळत राहिला. सिद्धप्पानं धोतर खोचलं.

"थांब," कल्लप्पा म्हणाला. लांब बांबूला पहार बांधून तो वरूनच खाली घाव घालू लागला.

"काय अण्णा, वरनंच कांडून पीठ काढतासा काय?" सिद्धप्पा हसला. "म्हंजे भाकरी बी तितंच थापू!"

कल्लप्पा घाव घालत राहिला. सातव्या-आठव्या घावाला खाली पापड मोडल्यासारखा आवाज झाला. त्यानं कंदील पुन्हा सोडला. ज्योतीनं मान टाकली आणि ती विझली.

सिद्धप्पानं खोचलेलं धोतर हळूच सोडलं.

"अजून किती दिस?" सिद्रामप्पानं विचारलं. "माणसं ज्वारीसाठी दारात बसल्यात, कल्लप्पा."

"हवा जाईस्तवर. घाई असंल तर फरशी झाका मालक, मी चाललो पोती उचलायला."

आणखी दोन दिवस भारा खालीवर झाला, खपली ठिकठिकाणी फोडली, दर वेळी कंदील सोडला. मग एकदा तो दाण्यावरच ठेवला आणि बराच वेळ तसाच जळू दिला. जळला. सिद्धप्पा पुढं झाला.

"न्हाय," कल्लप्पा म्हणाला. "कंदील ज्यानं बघितला त्यानंच उतरायचं. आता ह्योच नेम." त्यानं दोर स्वतःच्या कमरेला बांधला. वर सिद्धप्पा आणि आणखी दोघं हमाल दोर धरून राहिले. ईरम्माला त्यानं तोंडाशी बसवलं. "वैनी, सारखी हाक मारायची. एकदा बी 'ओ' आली न्हाय, की कुनाला इचारू नका. वढायचं."

तो उतरला. घोट्यापर्यंत पाय दाण्यात रुतले. आंबूस, उबट वास होता, पण श्वास येत होता.

"भावजी?"

"ओ."

पहिली पाटी वर गेली. दुसरी गेली.

"भावजी?"

"ओ."

तिसरी भरताना त्याचा हात भिंतीच्या कडब्याला लागला. दादाही असाच वाकला असेल, असं मनात आलं, आणि हात तिथंच राहिला.

"भावजी?"

दोराला हिसका बसला. पाटी कलंडली, कल्लप्पा अधांतरी लटकला. "ओ! ओ! हाय मी, सोडा!" तो ओरडत राहिला, पण वरचे थांबले नाहीत. कोपर खरचटत, कडेला आपटत त्यांनी त्याला बाहेर काढून मातीवर टाकलं.

"वैनी, जित्ता होतो की मी!" तो धापा टाकत म्हणाला.

दोर ईरम्माच्याही मुठीत होता. तळव्यावर त्याचा वळ उठला होता.

"त्या दिशी तुमाला बी तसंच वाटलं व्हतं, भावजी," ती म्हणाली.

कल्लप्पा उठला, दोराची गाठ दोनदा ओढून बघितली, कंदील आधी आत सोडला आणि तो दाण्याला टेकेपर्यंत बघत राहिला. ज्योत हलली नाही. तो उतरला.

"भावजी?"

"ओ," या वेळी हाक पुरी व्हायच्या आतच खालून आवाज आला.