दोष प्रथम केव्हा जाणवला?

बार्शीजवळच्या खेड्यातून शिकायला आलेले धोंडिराम ओव्हाळ विमा कचेरीतून निवृत्त झाले, तरी नाहूरच्या त्या इमारतीत त्यांचा शब्द जामिनासारखा चाले. कागद कुणाचाही असो, अर्थ ओव्हाळकाकांनी सांगायचा. म्हणूनच दुसऱ्या मजल्यावरच्या माधुरीने त्यांची स्कूटर घेताना मेकॅनिकला दाखवली नाही. "तुम्ही सांगताय ना काका, बस झालं," एवढेच ती म्हणाली. गाडी तिच्या नावावर करणे मात्र दोघांच्याही आळसाने राहून गेले.

त्यामुळे कंपनीचे पत्र धोंडिरामांच्याच नावाने आले. पुढच्या ब्रेकच्या नळीत दोष आढळला आहे. गाडी आणावी, भाग मोफत बदलून मिळेल. मजकूर एवढाच, पण वाचताना त्यांचे कान तापले. विकण्याच्या आधीच्या महिन्यात, पूल उतरताना, ब्रेकची मूठ हातात ढिली पडली होती. एकदा नव्हे, दोनदा. आपलेच वय झाले अशी मनाची समजूत घालून त्यांनी गाडी विकायला काढली, आणि माधुरीला त्यातले अक्षरही सांगितले नाही.

पत्र कपाटात कपड्यांखाली गेले. नऊ दिवस, सकाळी स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला की ते खिडकीपासून दूर होत. संध्याकाळी ती परतेपर्यंत त्यांना चहा गोड लागत नसे.

रविवारी विहारात ते नेहमीप्रमाणे पंचशील सांगू लागले. चौथ्या, खोटे न बोलण्याच्या शीलापाशी आवाजच फुटेना. "घसा बसला काकांचा," म्हणत कुणीतरी लवंग पुढे केली. ती दाताखाली धरूनच, कपाटातले पत्र घेऊन, ते माधुरीच्या दारात उभे राहिले.

"विकलेल्या गाडीची एवढी काळजी कोण करतं हो?" पत्र वाचून ती म्हणाली. "मला वाटायचं, माझाच हात कच्चा. श्रुतिका तर चिडवते, आई, तू पायांनीच गाडी थांबवतेस!"

"पत्रावरची तारीख बघ," ते पुटपुटले.

"असू दे ना. टपाल उशिराच येतं हल्ली."

त्यांनी मान हलवली. मान हलली तीही होकारार्थी.

सोमवारी भांडुपच्या सर्व्हिस सेंटरमध्ये अर्ज भरायचा होता तो कागदोपत्री मालकाने. नाव, क्रमांक, मोबाइल. आणि त्याखाली, दोष प्रथम केव्हा जाणवला?

"जाणवला नाही असं लिहा, आजोबा," काउंटरवरचा माणूस म्हणाला. "दुरुस्ती तशीही फुकटच आहे."

धोंडिरामांनी पेन खाली ठेवले, पुन्हा उचलले आणि महिना लिहिला. पुढे लिहिले, दोनदा.

शेजारी उभी असलेली माधुरी वाचत होती. "काका, मी गाडी घेतली त्याच्या आधीचा महिना आहे हा."

"हो. पत्रही नऊ दिवस माझ्याकडेच होतं."

"रोज पोरीला मागे बसवून शाळेत सोडते मी," ती हळू आवाजात म्हणाली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

काम दीड तासाचे होते. गाडी ताब्यात देतानाचा ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येणार असल्याने निघून जाण्याचीही सोय नव्हती. अखेर तो आला. त्यांनी आकडे वाचून दाखवले. माधुरीने ब्रेकची मूठ दोन-तीनदा दाबून पाहिली.

"उद्या अकरा वाजता आरटीओत या, सगळे कागद घेऊन. गाडी माझ्या नावावर पाहिजे."

"येतो," ते म्हणाले.

मागची सीट रिकामी होती. तिने बसा म्हटले नाही आणि त्यांनीही वाट पाहिली नाही. रस्ता ओलांडून ते बसथांब्याकडे चालू लागले.