नानांची हाक

नानांनी आईला कधी नावाने हाक मारली नाही. बाहेरून आले की चपला काढता काढता म्हणायचे, "घरमा कोनी शे का?" आणि आई पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघरातून यायची. मी समोर बसलेली असले तरी उठायची नाही. ती हाक माझ्यासाठी नसते, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

नाना म्हणजे माझे वडील. भुसावळला रेल्वेत होते. निवृत्त होऊन पिंप्राळ्याच्या घरी जरा स्थिरावले, तोच त्यांच्या हातापायांतली ताकद जायला लागली. हळूहळू आवाजही जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

एका दुपारी मी ऑफिसात होते आणि आई गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत घालत होती. खिडकीतून ऊन नानांच्या तोंडावर आलं. त्यांना कूस बदलता येईना आणि हाक गच्चीपर्यंत पोचेना. मी घरी आले तेव्हा त्यांचा एक गाल लाल झाला होता. आई तो ओल्या फडक्याने टिपत होती.

ऑफिसात मी एआय एजंटचंच काम करते. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी तीन शॉर्टकट बनवले: एक पेपर वाचून दाखवणारा, एक गाणी लावणारा, एक आईच्या मोबाईलवर रिंग देणारा. तसाच एक एजंट त्याच कॉम्प्युटरवर बसवला आणि नानांच्या उशाशी माइक लावला. नाना काय म्हणतात ते ऐकून कोणता शॉर्टकट चालवायचा, हे एजंटने ठरवायचं. शॉर्टकटच्या आत काय आहे ते त्याला दिसत नाही. मी लिहिलेलं वर्णन वाचूनच तो ठरवतो. मी इंग्लिश मीडियमची. वर्णनं इंग्रजीत लिहिली, नेटकी, एकेका ओळीची. तिसऱ्याखाली लिहिलं होतं की पत्नीला बोलवायचं असेल तेव्हा हा वापर.

पेपर वाचला गेला, गाणी लागली. मग आई मुद्दाम गच्चीवर जाऊन उभी राहिली आणि नाना म्हणाले, "घरमा कोनी शे का?"

एजंट अदबीने म्हणाला, "माफ करा, घरात कोण आहे हे मला दिसत नाही."

नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. "हाऊ बी आंधयाच शे!"

आई खाली आली. "मन्हं नाव ल्या ना, त्याले समजी जाई. नाव लेवाले काय लाज वाटस का तुमले?"

"आते म्हतारपनमा काय नाव लेवानं?"

तरी त्यांनी एकदा प्रयत्न केला. ओठ हलले, माझ्याकडे नजर गेली आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून गेले. परत आले तरी नाव काही निघालेलं नव्हतं.

मग मी वर्णन बदललं. आमचं मूळ गाव धुळ्याकडचं. घरातली अहिराणी मला समजते, पण मी उत्तर मराठीत देते. 'घरमा कोनी शे का' हे मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. पुढे लिहिलं: हा प्रश्न समजू नकोस, ही आईला मारलेली हाक आहे. उत्तर देऊ नकोस, रिंग दे. नानांनी पुन्हा म्हटलं. गच्चीवर मोबाईल वाजला आणि आई "उनू, उनू" करत जिना उतरली.

काही महिने ते चाललं. नंतर नानांचं 'शे का' गेलं, मग 'कोनी' गेलं. एजंट गप्प राहिला की मी एक ओळ वाढवायची. नुसतं 'घरमा' ऐकू आलं तरी. पहिलं अक्षर अर्धवट आलं तरी. त्यासाठी मी त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन बसायची. एरवी आम्ही दोघं एकमेकांशी फारसं बोलणारे नव्हतो. त्यांचं बोलणं आखूड होत गेलं, तसं माझं वर्णन लांबत गेलं.

शेवटची ओळ थंडीत लिहिली: श्वास जोरात झाला तरी. त्यानंतर नाना घोरले तरी आईचा मोबाईल वाजायचा. ती प्रत्येक वेळी जाऊन बघायची.

"उगाच वाजतो गं. कमी करू का?"

"नको. खरंच बलावं तर?"

एका सकाळी आई डाळीला फोडणी देत होती. मोबाईल बराच वेळ वाजला नाही, म्हणून ती गॅस बंद करून खोलीत गेली.

तेरावं झाल्यावर मी कॉम्प्युटर आवरायला बसले. पेपरचा शॉर्टकट काढला, गाण्यांचा काढला. तिसरा उघडला आणि वर्णन पहिल्या ओळीपासून वाचत गेले. आई दारात आली. मोबाईल अजून कमरेला खोचलेला होता.

"काय लिखेल शे एवढं?"

"नाना तुला कसं बोलवायचे ते."

ती माझ्यामागे उभी राहून स्क्रीनकडे बघत राहिली. मग पलंगावरची चादर उगाचच नीट केली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्याले काय खावाले लागस का?"